उस्तादांचं अठरा इंची खोकं

आमचे उस्ताद आवाज तळहातानं ऐकायचे. खोटं वाटेल, पण वाजत्या स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवून ते "डावीकडची फळी ढिली हाय" म्हणायचे आणि फळी खरंच ढिली निघायची! चाकणच्या एका कंपनीत आम्ही शेजारशेजारच्या प्रेसवर होतो. पत्र्यावर दिवसभर धाडधाड घाव. त्या गोंगाटात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात, म्हणून उस्तादांचे कान गेलेत हे कित्येक वर्षं कुणाला कळलंच नाही. मला कळलं ते त्यांच्या घरी.

घर म्हणजे दहा बाय दहाची खोली, आणि तिच्यात अठरा इंची वूफरचं, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचं, कपाटाएवढं खोकं. वूफर जुन्या बाजारातला, खोकं त्यांनी जाड प्लायचं स्वतः बांधलेलं. मी दारातून "उस्ताद, उस्ताद" म्हणून घसा फोडतोय आणि हा माणूस पाठमोरा, खोक्याला मिठी मारून बसलेला! त्यातला खर्जच तेवढा त्यांच्यापर्यंत पोचायचा, बाकीचं जग बंद झालं होतं. मला पाहिल्यावर दचकले. "कंपनीत बोलू नको, भावा," एवढंच म्हणाले.

खोक्याबद्दल मात्र भरभरून बोलायचे. "वूफरला हवा लागती, राव. खोकं लहान केलं की गुदमरतो, लई मोठं केलं की सैल पडतो. आतली जागा मोजायची, अन् चुंबकानं खाल्लेली जागा त्यातनं वजा करायची. लोक नेमकं त्येच इसरत्यात." मग खोक्यावर मूठभर तांदूळ पसरून गाणं लावायचे. दाणे नाचले की आतून आणखी एक आडवी पट्टी ठोकायची. "थरथरायचं काम वूफरचं. खोक्यानं गप उभं ऱ्हायाचं." भाभी करवादायच्या, "सवत आणून ठेवलीय घरात, अन् तांदूळ माझेच!" आणि त्याच सवतीवर बसून ते तांदूळ निवडायच्या.

एकदा एका मंडळाचे लोक खोकं बनवून घ्यायला आले. टेम्पोत मावायला हवं म्हणून चार इंच कमी करा म्हणाले. उस्तादांनी त्यांना चहा पाजला आणि काम नाकारलं. "त्याचा गळा दाबून मला काय भेटणार?"

स्वतःचा गळा मात्र त्यांना सोडवता येईना. नोकरी कंत्राटी. प्रेस सोडावी तर चूल बंद, न सोडावी तर उरलेसुरले कान जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. अशात कंपनीनं सगळ्यांच्या कानांची तपासणी काढली. नापास झाला की गेटबाहेर, अशी बातमी कारखानाभर पसरली. उस्तादांचा डबा तसाच परत जायला लागला. "पन्नाशीत मला दुसरं कोण ठिवतंय?" ते म्हणायचे.

शहाणपणा मी केला. म्हटलं, "आवाज आला की बटण दाबायचं असतं. तुम्ही आपलं अंदाजानं दाबत राहा."

तपासणीसाठी काचेची खिडकी असलेली एक बंद लाकडी खोली आणली होती, जेमतेम एक माणूस बसेल एवढी. आत शिरताना उस्तादांनी भिंत ठोकून बघितली. "काम चांगलं केलंय," म्हणाले. दार लागलं. कानांवर हेडफोन, हातात बटण, आणि त्यांचा अंगठा चालू झाला. एका लयीत, न चुकता, बरोबर आमच्या प्रेसच्या घावागणिक! इतक्या वर्षांची सवय, दुसरी लय हाताला ठाऊकच नव्हती. तपासणाऱ्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, मी अजून आवाज सुरूच केला नाहीये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उस्ताद घाम पुसत, हसत बाहेर आले. "झालं ना? पास?" मी तोंड फिरवलं. ओठ दिसले नाहीत तर त्यांना कळणार नाही, एवढंच मला सुचलं. भिंतीकडे बघत मी काहीबाही पुटपुटलो. रांगेतली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. उस्ताद वळसा घालून माझ्या समोर आले, माझी हनुवटी वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "समोर बघून सांग, भावा. मला ऐकू येत न्हाई."