कंबरेचा दोर

दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधी आमची पलटण काश्मीरमध्ये होती. कॅप्टनसाहेबांना स्कीइंगचा नाद. त्यांनी हिवाळ्यात काही जवानांना शिकवले. पायाला लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरायचे. त्यांत आम्ही तिघे अलिबागकडचे होतो: नागावचा नाईक इब्राहिम, त्याचा शेजारी शिपाई धोंडू आणि मी हवालदार.

शनिवारी सुट्टी मिळाली. डोंगरावरच्या लाकडी झोपडीत आम्हा तिघांचा एक मुक्काम ठरला. सामान मी तपासले: तांदूळ, सुके बोंबील, रॉकेल, फावडे, दोर. साहेबांची ऑर्डर एकच होती. "उघडा उतार एकेकट्याने ओलांडायचा. पहिला पोचल्यावर दुसरा."

रात्रभर बर्फ पडला. सकाळी धोंडू तापाने फणफणला होता. त्याला खालच्या हॉस्पिटलात नेणे भाग होते.

"मी हितंच मरतो," तो म्हणाला.

"खाली जाऊन मर. हितं खणत कोण बसेल?" इब्राहिमने त्याला उठवले.

उतार आला. बर्फ कसा आहे ते पाहायला मी आधी ओलांडला. वळून पाहिले तर इब्राहिम स्वतःच्या आणि धोंडूच्या कंबरेला दोर बांधत होता. आमच्याकडे खाडीच्या चिखलात उतरताना असेच बांधतात. एक रुतला की दुसरा ओढतो.

"दोर सोड. ऑर्डर हाय," मी ओरडलो.

"याला उभं ऱ्हावत न्हाय, हवालदार. पडला तर ओढायला कोण?"

धोंडूला पुढे पाठवून तो खडकावर पाय रोवून दोराला हळूहळू ढील देत राहिला. धोंडू मध्यावर आला आणि वरून बर्फाला चीर गेली. सगळ्या उतारावरचा बर्फ खाली सुटला. धोंडू दिसेनासा झाला. इब्राहिम खडकावर सुखरूप होता. मग दोर ताणला गेला.

फावडे माझ्याकडे होते. अंधार पडेपर्यंत खणले.

बर्फ वितळल्यावर दोघे सापडले. गाठ सुटेना. एकाचे दफन, एकाचे दहन, म्हणून दोर कापावा लागला.

रजेवर नागावला गेलो. दोघांच्या घरी बर्फाचे आणि दोराचे सांगितले. इब्राहिमच्या आईने एवढेच विचारले, "त्यानं दोर सोडला न्हाय ना?"

"न्हाय, खाला."

"मग झालं," असे म्हणून ती आत गेली. दोर नसता तर तो वाचला असता, हे मी सांगितले नाही.

ओहोटीला माणसे आजही शिंपल्यातली कालवे काढायला चिखलात उतरतात, कंबरेला एकच दोर बांधून. मी बंधाऱ्यावर उभा राहून उतरलेली मोजतो, वर आलेली मोजतो. आकडा जुळतो. तरी थोडा वेळ थांबतो.