गटारावरची अकरा झाकणं

नगरपालिकेच्या मुकादमाला लिहा-वाचायला बेताचंच येई, पण शहरातले रस्ते त्याला तळहातासारखे पाठ. कुठे पहार घातली की नळ फुटेल, कुठे ट्रक वळेल, कुठल्या घरातली बाई कंबर कसून भांडायला येईल, सगळं तोंडपाठ. म्हणून वर्ष सरायला पंधरा दिवस उरले आणि खात्यात पैसे शिल्लक निघाले, की साहेब त्यालाच हाक मारत.

"मुकादम, पैसे परत गेले तर पुढच्या वर्षी तेवढे कमी येतात. लवकर उरकेल असं काम सांगा. कुठे करायचं?"

"बंगल्यांच्या रस्त्याला करू, साहेब."

गेली पाच वर्षं हेच उत्तर. त्यात खोटंही काही नव्हतं. रस्ता ऐसपैस, ट्रक थेट आत, माणसं आपापल्या फाटकाआड. चार दिवसांत काम हातावेगळं. अडचण एकच, रस्ता धडधाकट. आणि कामाआधीचा फोटो तर खराब रस्त्याचा हवा. मग मुकादमच पहारीने फरसबंदीचे वीस-पंचवीस ब्लॉक उचकटून ठेवी, फोटो निघे, आणि सगळेच काढून नवे बसत. पोटभर जेवलेल्याला पुन्हा ताटावर बसवायचं आणि त्याला भूक लागावी म्हणून आधी ओकायला लावायचं, त्यातली गत.

त्याच्या स्वतःच्या गल्लीत गटारावरची अकरा झाकणं फुटलेली. शेजाऱ्यांनी वर फळ्या टाकल्या होत्या. समोरच्याच खोलीत त्याची थोरली बहीण, अक्का, राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. जाता-येता टोकायची, "जगाचे रस्ते करतोस, आपल्या दाराकडे बघ की कधी!"

"अक्का, इथे गाडी शिरत नाही. एकदा हात घातला की महिना जाईल."

"बरं बाबा. तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल."

यंदा एका सकाळी फळी सरकली, अक्का गटारात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात भेटायला येईल त्याला ती सांगे, "माझंच लक्ष नव्हतं. भावाच्या हातात असतं तर त्याने सोन्याचं झाकण घातलं असतं." मुकादम खिडकीपाशी उभा होता. तो वळलाच नाही.

वर्ष सरत आलं. साहेबांनी हाक मारली. "काय, बंगल्यांचाच ना?" कागदावर त्यांनी लिहायलाही घेतलं होतं.

मुकादम टेबलाजवळ सरकला. "साहेब, आमच्या गल्लीत गटाराची अकरा झाकणं गेलीत."

"अहो, अकरा झाकणांनी कुठे पैसे संपतात? बंगल्यांचं तर करावंच लागेल. झाकणांची थप्पी गोदामात पडलीय की. घेऊन जा. कधी मागितलीच नाहीत तुम्ही."

ती थप्पी मुकादमाने पाहिली नव्हती थोडीच! ब्लॉक आणायला जाताना तिला वळसा घालूनच जावं लागे. पण आपल्याच दारासाठी मागायचं म्हणजे लोक म्हणणार, मुकादम आधी आपली पोळी भाजून घेतो. नाव राहावं म्हणून तो पाच वर्षं गप्प राहिला होता.

दोन हातगाड्या आणि चार माणसं. दीड दिवसात अकराही झाकणं बसली. आधीचा फोटो काढायचा असता, तर इथे पहारीला हातही लावावा लागला नसता.

अक्का दारात खुर्ची टाकून बघत होती. शेजारी तिची चार पायांची काठी.

"काल दुपारीच सुरू केलंस ना रे?"

"हो."

"महिना म्हणाला होतास."

मुकादम घमेलं घासत राहिला. घमेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"मागायची लाज वाटली गं, अक्का."

"मग ती लाज टाकायचीस गटारात. मला कशाला टाकलंस?" म्हणत अक्का खो खो हसली, आणि हसताना खुबा दुखला म्हणून मध्येच थांबली. "चल, आत ये. चहा घे."

"येतो," म्हणाला, पण आत गेला नाही. चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी बंगल्यांच्या रस्त्यावर फोटोवाला खोळंबला होता. मुकादमाने पहार उचलली, जरा वेळ धरली आणि शेजारच्या मजुराच्या हातात दिली.

"कुठून उचकटू?" मजुराने विचारलं.

मुकादमाने पायाने जागा दाखवली.