रावजीदादांची तारेवरची बस

आमच्या वाडीत माणसं एसटी आली की बोर्ड वाचतात. रावजीदादा आधी टपाकडे बघतात. वर दांड्या नाहीत हे दिसलं की तोंड वाकडं करून बसतात आणि रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यापर्यंत बोलत नाहीत. पंचाहत्तरी गाठली तरी ही सवय गेली नाही.

मी त्यांचा शेजारी. वीज खात्यात वायरमन म्हणून नोकरी केली, आता रिटायर झालो. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात, आणि तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

रावजीदादा अठराव्या वर्षी मुंबईला गेले. तिथे तेव्हा ट्रॉलीबस धावायची, तिच्यावर ते कामाला लागले. रस्त्यावर साधी चाकं, रूळ नाहीत, डिझेल नाही. टपावर दोन लांब दांड्या, त्या वरच्या दोन तारांना टेकलेल्या, आणि त्यातून वीज घेऊन बस चालायची. गवालिया टँकपासून माझगावच्या गोदीपर्यंत. वळणावर दांडी तारेवरून सटकली की बस जागच्या जागी ठप्प. मग रावजीदादांनी खाली उतरायचं आणि बांबूने दांडी परत तारेवर चढवायची. लहानपणापासून लांब बांबूच्या झेल्याने आंबे काढलेले असल्यामुळे वर बघत बांबू नाचवणं त्यांच्या हातातच होतं. "साहेबान् माजा हातच बगलान आनि ठेवलान," असं ते सांगतात.

एकाहत्तर सालच्या माघात ते मुलगी बघायला आले. मुलगी म्हणजे आमच्या सुंदरावहिनी. "तुला तारेवरच्या बशीतून फिरवीन," असा शब्द त्यांनी दिला. लग्न ठरलं वैशाखातलं. आणि मधल्या मार्च महिन्यात ती बस कायमची बंद झाली! नवी नवरी मुंबईला उतरली, दिवसभर मान वर करून हिंडली आणि मान अवघडून गावी परत आली. फसवून लग्न केलं, हे तिने तेव्हा जे मनात धरलं ते धरलं.

यात माझंही पाप आहे. मी नोकरीला नवा लागलो तेव्हा वहिनींनी मला विचारलं होतं, की बाबा रे, तारेवर बस चालते काय? मी अक्कल पाजळली. "वहिनी, रुळाशिवाय गाडी विजेवर चालणं शक्यच नाही," असं खाकी गणवेशात उभं राहून सांगितलं. रुळाऐवजी वीज परत न्यायलाच दुसरी तार असते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढे चूक कळली, पण तोवर तो वहिनींचा सरकारी पुरावा झाला होता. अलीकडे मी मोबाईलवर त्या बसचा जुना फोटो काढून दाखवला. वहिनी म्हणाल्या, "मोबायलात काल मांजर भाकऱ्या थापत व्हता."

रावजीदादांनी हार मानली नाही. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर रत्नागिरीचं आख्खं ट्रॉलीबसचं जाळं आखलं. पहिला टप्पा स्टँड ते बंदर, दुसरा मिरजोळ्याची एमआयडीसी, तिसरा टप्पा थेट आमच्या चार घरांच्या वाडीत. लाईन माझ्या दारावरून नेली, थांबा मात्र दिला नाही. मी कारण विचारलं. "तुज्या दारात चढाव हाय, बस खोळंबंल," म्हणाले. मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही.

गेल्या शिमग्यानंतर त्यांच्या नातीला, वेदिकाला, बघायला पाहुणे आले. चहा झाला, आणि दादांनी पाहुण्यांना गवालिया टँकवर नेऊन उभं केलं. बस माझगावला पोचायच्या आत वहिनी आतून म्हणाल्या, "ह्यांचा काय मनाव घेव नका. ती बस नव्हतीच कदी."

पाहुण्यांसमोर! दादांचा चेहरा इतका उतरला, की मलाच वहिनींचा राग आला. चार दिवस ते माझ्याकडे जेवले आणि माझ्या आमटीला नावं ठेवली. पाचव्या दिवशी माझ्या अंगणातून वहिनींना ओरडून म्हणाले, "देवीला कौल लाव! आई नाय बोल्ली तर मराणापातूर बशीचा नाव काडनार नाय."

वाडीला याहून मोठी करमणूक काय हवी? आमच्याकडे कौल लावतात तो मुलीचं लग्न, विहिरीची जागा, कोर्टाची तारीख यासाठी. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सागर गुरवाने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा आये, ह्यो तुजा लेकरू म्हनतोय, मुंबयत बस तारेवर चालत व्हती..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सवयीने गरजलो.

"टपाव दोन दांड्या व्हत्या..."

"व्हय म्हाराजा!"

"तर ह्या खरा का खोटा, त्याचा तू उलगडा कर."

रावजीदादा हात जोडून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. वहिनी खांबाशी ताठ. मी देवाधर्माचा फारसा नाही, पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी उजव्या कळीवरून नजर हलवली नाही.

डावी पडली.

कोणी हसलं नाही. दादांनी देवीला वाकून नमस्कार केला. "बरा," एवढंच म्हणाले आणि वहाणा शोधायला लागले. त्या समोरच होत्या, तरी त्यांना सापडेनात. चोपन्न वर्षं त्या बसबद्दल बडबडणारा माणूस आता गप्प बसणार होता.

एवढ्यात वहिनी पदर खोचून थेट गाभाऱ्यापुढे गेल्या.

"आये, तू ह्या गावाची येस वलांडून कदी ग्येलीस? तुला मुंबयचा काय ठावा? खोटा बोलनारा मानूस दर खेपेला नवा सांगतो. ह्यानी चोपन्न वर्सात येक अक्षार बदालला नाय. मी ह्यांना खोटा म्हनेन, मी बायको हाय. तू म्हनायचा नाय!"

सागरच्या हातातली घंटा वाजायची राहून गेली. "काकू, आई हाय ती," तो कसाबसा पुटपुटला.

"म्हनून तर सांगतंय. मानसाला सांगून काय उपेग?"

मग त्या वळल्या, दादांच्या वहाणा पायाने त्यांच्यापुढे सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला. आनि वाटंत सांगा, ती येवडी दांड्यांची बस वळायची कशी?"

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी दादांना बसबद्दल काही विचारलं होतं. दादांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि हातातल्या काठीचा बांबू करून सुरुवात केली. मी मागून चालत होतो. त्यांचं घर आलं तेव्हा बस जेमतेम पहिल्या वळणावर होती. वहिनींनी घराकडे बघितलंसुद्धा नाही. दोघं तशीच पुढे चालत गेली.