देवीपुढच्या दोन टाळ्या

शिरूरजवळच्या एका कंपनीत मी जपानी दुभाषी म्हणून काम करते. तिथे जपानहून आलेले एक वयस्कर साहेब एकदा म्हणाले, "इकडच्या खेड्यातलं देऊळ बघायचंय." त्यांच्या गावी डोंगरात जपानच्या जुन्या शिंतो धर्माचं छोटं देवस्थान आहे. तिथे आधी हात धुवायचे, चूळ भरायची, मग दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा वाकायचं. भातलावणीच्या आधी सगळं गाव तिथे जमतं, असं ते हौसेनं सांगत होते.

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव गेले. तरी मी "चालेल" म्हणाले. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

कवठे येमाईच्या वाटेवरच्या एका गावात देवीचं देऊळ होतं. साहेबांनी नळावर हात धुतले, चूळ भरली. गाभारा अरुंद. पुढे गुरव, मागे दर्शनाला आलेल्या बायका, मधे आम्ही. साहेब हळूच म्हणाले, "तुम्ही कराल तसंच मी करतो."

मी देवीपुढे कधी हात जोडले नव्हते. मागून एक म्हातारी म्हणाली, "पाव्हणं पाया कवा पडायचं?" वळायलाही जागा नव्हती.

"तुमच्या गावी करता तसंच करा," मी पुटपुटले.

ते दोनदा वाकले. दोन टाळ्या दगडी भिंतींत घुमल्या. बायका चपापल्या, मग आरती असल्यासारख्या त्याही टाळ्या वाजवू लागल्या. गुरव खूश झाला. त्यानं साहेबांना कुंकू लावलं आणि मी मान मागे घेण्याआधीच मलाही.

गाडीत मी रुमालानं कपाळ पुसत होते. साहेबांनी का म्हणून विचारलं. "आम्ही बौद्ध आहोत," मी सांगितलं.

ते हसले. "मीही बौद्धच. पण लग्न देवस्थानात, अंत्यविधी बुद्धमंदिरात. आमच्याकडे दोन्ही चालतं."

माझ्या आजोबांना अशाच एका देवळाच्या पायरीवरून हाकललं होतं. ते मला सांगायचं होतं. मी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर आबांनी, माझ्या वडिलांनी, कपाळावरची लाली बघितली. मी सगळं सांगितलं.

"आपण देव का सोडलं, ते साहेबाला सांगितलंस?"

"न्हाई आबा. मला मशीनची जपानी येती. ह्याची न्हाई."

"आन् त्या गुरवाला? त्याला तर मराठी येत हुती की."