विक्राळसेनाचं पोट

"ब्राँकियल अस्थमा," कानातल्या नळ्या काढत चांद्याच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

मी खाटेवर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलो होतो. प्रत्येक श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजत होती. तरीही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की वा, काय झकास नाव आहे! पडदा वर जाताना मोठ्याने पुकारावं आणि पुढच्या ओळीतली पोरं रडायला लागावीत, असं नाव.

डॉक्टरांनी ते सोपं करून सांगितलं. छातीत झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या असतात. त्या आवळतात, आतून सुजतात, त्यांत चिकट कफ अडकतो. हवा कशीबशी आत जाते, पण तिला बाहेर यायला वाट सापडत नाही. आपल्या भाषेत दमा.

"तो मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "पण तो कशाने भडकतो हे ओळखून ते टाळलंत, तर त्याला गप्प बसवता येईल. धूळ टाळा, धूर टाळा, तंबाखू सोडा. आणि ते नाटक सोडा."

पहिल्या तिन्हींना मी मान डोलावली. चौथ्याला नाही. तोंडात शब्द होते, पण त्यांना बाहेर ढकलायला वारा नव्हता. नाहीतर तिथेच भांडलो असतो.

मी नागभीडकडच्या एका गावात किराण्याचं दुकान चालवतो. पण दुकानदार म्हणून मला ओळखतं कोण? धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. आमच्या गावच्या नाटकातला दुष्ट राजा विक्राळसेन म्हणजे मी. हे नाटक आमच्याच डोमाजी मास्तरांनी लिहिलेलं, तालीमही त्यांचीच. मी अंगाने वेळूच्या काठीसारखा. असा राजा लोकांना पटायचा नाही, म्हणून पोटाला घरची मोठी उशी बांधायची, वर झगा, तोंडाला दाढी. मी प्रवेश करताना मास्तर मशालीवर मूठभर राळ फेकतात. भडका उडतो, धुराचा लोट उठतो आणि त्यातून मी गर्जत बाहेर येतो. काय सांगू, त्या क्षणी मला कुणी देव केलं असतं तरी मी नको म्हटलं असतं.

आमच्याकडे नाटक रात्री सुरू होतं आणि दुष्ट राजा उजाडल्याशिवाय मरत नाही. दवाखान्यात पोचलो त्या वर्षीही सूर्य वर आला, राजपुत्राने माझ्या पोटावर गदा हाणली आणि मी पडलो. पडलो तो खराच. छाती अशी आवळली की जणू कुणी आतून दोरी ओढतोय. डोळे बाहेर आले, पाय झाडू लागले, गळ्यातून शिट्ट्या निघू लागल्या.

समोर तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसलेली माणसं उठून उभी राहिली. "वन्स मोअर!"

मी हात हलवून नको नको म्हणत होतो. त्यांना तोही अभिनय वाटला. डोमाजी मास्तर पडद्याआडून कुजबुजले, "उठा गोविंदभाऊ, पब्लिक मांगून राह्यली! अजून एक डाव मरा." राजपुत्र आज्ञाधारक. त्याने पुन्हा गदा हाणली. एका पाटलाने खूश होऊन आपला फेटा माझ्या अंगावर फेकला.

खरं काय ते एकटीने ओळखलं. माझी बायको यशोदा बायांच्या बाजूने उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि सरळ मंचावर चढली. "थांबा ना! हे नाटक नाई! मानूस खरंच मरून राह्यला!"

लोकांनी तिलाही टाळ्या दिल्या.

मग बैलबंडी, मग छोट्या लाइनीची गाडी, त्या इंजिनाचा धूर आणि शेवटी दवाखान्याची लोखंडी खाट. ॲड्रेनॅलिन नावाचं इंजेक्शन दिलं. ते आवळलेल्या नळ्या सैल करतं. हात थरथरतात, काळीज ढोलासारखं वाजतं, पण छाती उघडते. ती उघडताना जे सुख होतं ते मी कुठल्याच टाळ्यांत अनुभवलेलं नाही. घरी नेण्यासाठी एफेड्रिनच्या गोळ्या दिल्या. त्यांनीही नळ्या मोकळ्या होतात, फक्त झोप उडते.

दवाखान्यात मी सपाट पडून, डोक्याखाली घडी केलेली चादर घेऊन, शांत झोपत होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला विक्राळसेनाची भाषणंही ऐकवली. तो लवकर बरा होऊन निघून गेला. घरी आलो आणि पहिल्याच पहाटे उठून बसलो. पुन्हा शिट्ट्या.

गावाने औषधांचा पाऊस पाडला. एकाने धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढायला सांगितला. नळ्या धुराने चिडतात म्हणून धूरच ओढायचा! दुसरा सळई तापवून पाठीवर डाग द्यायला आला. म्हटलं, आधी स्वतःच्या पाठीवर देऊन दाखव, मग माझी पाठ तुझीच. केळी बंद करा, दही बंद करा, जाम, म्हणजे पेरू, तेही बंद करा. मी सगळं बंद करून पाहिलं. पोट रिकामं राहिलं, छाती होती तशीच.

लटारूभाऊ रोज तब्येत विचारायला येई. नाटकात तो माझा प्रधान. "कसा हायेस गोविंदभाऊ? बोलता येते का? नाई? राहू दे, राहू दे. राजाचे भाषनं मले पाठ झाले."

तो गेला की मी भिंतीकडे बघून मनात म्हणे, अरे दम्या, तू माझा श्वास घे, झोप घे, पण माझा मुकुट लटारूच्या डोक्यावर ठेवशील तर याद राख. तुझे सगळे साथीदार हुडकून गावाबाहेर काढीन.

सुरुवात दुकानापासून केली. मिरचीचं पोतं उघडलं की शिंका आणि मग शिट्ट्या. ते मागच्या पडवीत गेलं. उघडताना मी नाकावर ओलं फडकं बांधू लागलो. गिऱ्हाईक विचारी, "काऊन जी, दरोडा घालाले निघाले का?" तंबाखू विकणंच सोडलं. दुकानात बसून विडी ओढणाऱ्यांना बाहेर चिंचेखाली बसवलं. दोघे रुसले, पण साखर घ्यायला कुठे जाणार? सकाळचा धूप बंद केला आणि लक्ष्मीपुढे फूल ठेवलं. देवी रागावल्याचं दिसलं नाही. चुलीच्या खोलीत खिडकी पाडली. इतकी वर्षं तो धूर यशोदाही गिळत होती, हे मला तेव्हा कळलं.

मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत झाडांखालचा पाला जाळतात आणि सगळं रान धुराने भरतं. ते दिवस मी नागभीडला बहिणीच्या घरी काढले. तिथे बरं वाटलं, ते मी धूर चुकवल्याच्या खात्यात टाकलं.

माझ्या तब्येतीचं माप म्हणजे विक्राळसेनाचं पहिलं भाषण. "अरे क्षुद्र मानवांनो" पासून "भस्म करीन" पर्यंत एका श्वासात म्हणायचं. दिवसा मी आता "भस्म"पर्यंत पोचत होतो. पहाटे मात्र "अरे"लाच अडकत होतो. मी उठून बसलो की यशोदा पाठीशी उश्या लावी. जितका दम जास्त, तितक्या उश्या जास्त.

पावसाळा सरताना पुन्हा चांद्याला गेलो. छातीचा फोटो काढला. क्षय नाही, न्यूमोनिया नाही. डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला आणि ते माझ्याकडे वळले.

"इथे तुम्ही आडवे पडून झोपत होता. घरी बसून रात्र काढता. मग घरात असं काय आहे, जे इथे नव्हतं?"

"बायको," मी म्हणालो.

यशोदा दारातच उभी होती. "पाहा जी डॉक्टरसाहेब! जिनं मरता मरता उचलून आनलं तिच्यावरच आळ!"

डॉक्टर हसले. "संशयितांना एकेक करून बाजूला ठेवा. यांनाही."

खरं सांगतो, तेही केलं. यशोदा काही दिवस शेजारच्या घरी झोपली. पहाटेच्या शिट्ट्या चालूच. मग ती खटला जिंकल्यासारखी मान वर करून घरी परत आली. दुप्पट तिखट भाजी करून तिने निकाल साजरा केला.

धान घरात आलं. तालमी सुरू झाल्या. एका सकाळी डोमाजी मास्तर राजाचा सरंजाम न्यायला आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, ते पोट द्या. यंदा लटारूले बांधाचं हाय."

यशोदाने माझ्या उश्यांच्या ढिगातून सगळ्यांत मोठी उशी ओढली. तिच्या बाबांनी रानातून सावरीचा कापूस गोळा करून लग्नात दिलेली ती उशी. परक्याकडे जायची म्हणून तिने ती अंगणात ठेवली, काठी घेतली आणि झोडायला लागली. मी जवळच उन्हात उभा होतो. दोन रपाट्यांत तपकिरी धुळीचा ढग उठला आणि माझी छाती कडी लावल्यासारखी बंद झाली.

दिवसाउजेडी. मिरची नाही, धूर नाही, विडी नाही.

यशोदाची काठी हवेतच थांबली. ती उशीकडे बघते, माझ्याकडे बघते. "अवो, रातच्याले हेच डोक्याखाली. अन् नाटकात हेच पोटावर. त्यावर तो पोट्टा गदा हानते!"

मी हातानेच गोळी मागितली. तिने गोळी दिली, मला दूर माजघरात नेऊन बसवलं. नंतर अंगणात जाऊन उशीची शिवण उसवली. सावरीचा तो रेशमासारखा कापूस आत उरलाच नव्हता. कुबट वासाचा चुरा, उंदरांनी केलेलं घर, वर्षानुवर्षांची ओल. बाकीच्या उश्याही तशाच निघाल्या. मला बसतं करायला तिने रचलेली ती उश्यांची गादीच मला बसवून ठेवत होती.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबानं एकेक बोंड वेचलं होतं." मग पदराने नाक पुसून काडेपेटी शोधू लागली.

"जाळू नको!" मी आतून ओरडलो. एवढं मोठ्याने ओरडता आलं याचाच मला आनंद झाला. शेवटी सगळा चुरा तिने लांब खताच्या खड्ड्यात पुरला. त्या रात्री लुगड्याची घडी उशाला घेऊन मी झोपलो आणि उजाडल्यावर कोंबड्याच्या आधी नाही, नंतर उठलो. असं आणखी काही दिवस झाल्यावर भाषण म्हणून पाहिलं. "भस्म करीन" म्हणूनही श्वास उरला.

हे घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती ऐकली, पुन्हा ऐकली. म्हणाले, "मी नाटक सोडायला सांगितलं, तेव्हा नाटकात काय काय बांधतात हे मला ठाऊक नव्हतं. राळ नको. दाढी धुतलेली. मंचाजवळ तणस नको. गोळ्या जवळ ठेवा, आणि शिट्टी ऐकू आली तर राजा असलात तरी असाल तिथून उठून यायचं. कबूल असेल तर करा."

मी कबूल झालो. डोमाजी मास्तर होईनात. "राळ उडली नाई तं विक्राळसेन आला हे लोकायले कसं समजन?"

"मी ओरडीन ना, मास्तर."

"अन् पोट?"

यशोदा म्हणाली, "माझे दोन लुगडे गुंडाळते. रोज धुतलेले."

लटारूने मुकुट परत दिला, पण देताना म्हणाला, "मेलास तं मले सांगू नोको." मंचाजवळचं तणस मात्र त्यानेच उचललं, हे मी विसरणार नाही.

नाटक झालं. राळेच्या जागी मास्तरांनी ढोल बडवला. सूर्य वर आला, गदा पोटावर बसली. धुळीचा कणही उडाला नाही, साबणाचा वास तेवढा आला. मी गरगर फिरलो, पडलो आणि ठरल्याप्रमाणे मेलो.

वन्स मोअर नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मागच्या साली काय मेल्ता गोविंदभाऊ! यंदा मरनं फिक्कं झालं!" दुसऱ्याने री ओढली, "मागच्या सालचं दाखवा!"

बायांच्या बाजूने यशोदाचा आवाज आला, "ते नाई भेटत आता! उठा, चाला आपापल्या घरी!"

मी डोळे मिटून पडलो होतो. नाकाने हळूच श्वास आत घेत होतो, हळूच सोडत होतो. कुठेही शिट्टी नाही.

तुमच्यापैकी कुणाला हा आजार असेल, तर माझी उशी शोधत बसू नका, तुमची शोधा. कुणाची मिरची असेल, कुणाची चूल, कुणाचं मांजर. कुठे गेल्यावर बरं वाटतं आणि कुठे परतल्यावर बिघडतं, एवढं बघा. वाक्य पुरं बोलता येईना, ओठ काळेनिळे पडू लागले, तर कुणाचाही सल्ला ऐकत थांबू नका. सरळ बंडी जुंपा. आणि नेमका चोर सापडेपर्यंत आपली आवडती गोष्ट कुणाच्या सांगण्यावरून कायमची सोडून देऊ नका.

त्या डॉक्टरांचे, त्या काठीचे आणि ती धरणाऱ्या हाताचे उपकार माझ्यावर आहेत. त्या सकाळी मंचावर मेल्या मेल्या मला तेच आठवत होतं आणि हसू आवरत नव्हतं. विक्राळसेनाचं पोट गदगदा हलू लागलं. पुढच्या ओळीतली एक पोरगी किंचाळली, "आई वं, राजा जित्ता हाय!"

तेव्हा मात्र टाळ्या पडल्या.