एका मोटारीत बारा ताटं

आर्किटेक्टच्या ऑफिसात जुने नकाशे फेकून देता येत नाहीत. दहा वर्षांनी कुणीतरी येतं आणि म्हणतं, "आमच्या बाथरूमचा पाइप कुठून गेलाय, जरा बघा!" किश्शांचंही तसंच आहे. चहाला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "नंदाताई, ते शेषरावकाकांच्या बिल्डिंगचं सांगा!" मग मी सुरू होते, आणि आमचे बोराडे सर केबिनमधून ओरडतात, "ताई, आधी रेघा ओढा, गप्पा नंतर!"

तर मी परभणीत बोराडे सरांकडे नकाशे काढते. शेषरावकाका पालमचे. कृषी विद्यापीठाच्या गेटसमोर त्यांचा मोक्याचा प्लॉट. तिथे विद्यार्थ्यांसाठी फ्लॅट बांधायचं त्यांच्या मनात आलं, आणि तेही नऊ मजले! नऊच का? तर पलीकडच्याने सात बांधले म्हणून.

प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये गयाबाईंची मेस होती. बारा वर्षं तिथे पोरं जेवत होती. काकांनी गयाबाईंना सगळ्यांदेखत शब्द दिला होता, "बिल्डिंग झाली की खालची एक मोठी खोली तुमची. मेस हलणार न्हाई." आम्ही नकाशात खोली दाखवली, नकाशा मंजुरीला पाठवला आणि नकाशा परत आला. फ्लॅट इतके, म्हणजे चौदा मोटारींची पार्किंग हवी. आमच्याकडे अकराच बसत होत्या. उरलेल्या तीन मोटारींच्या जागेवर गयाबाईंची खोली होती.

*

काकांनी नकाशा पहिल्यांदा पाहिला तो दिवस मी विसरणार नाही. आमच्या धंद्यात पार्किंग दाखवायची तर प्रत्येक चौकोनात एकेक मोटार काढून दाखवतात. वरून दिसते तशी, छोटी छोटी. काकांनी चष्मा पुसला, बोटाने मोटारी मोजल्या आणि हळूच विचारलं, "ताई, ह्या समद्या बिल्डिंगसंगट येत्यात का?"

मी म्हटलं, "नाही हो काका, ही नुसती चित्रं."

काकांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "बरं, मग चित्रात तरी एक जीप काढा की. आमच्या पालमकडची माणसं आली तर जीपनंच येणार. ह्या समद्या शहरी गाड्या दिसायल्यात."

मी काढली जीप, टपावर सामानसुमान बांधलेली. काका खूश!

मंजुरीसाठी जे साहेब नकाशे तपासतात, त्यांना आम्ही आपसात मंजुरीसाहेब म्हणतो. पुढच्या वेळी त्यांनी लाल पेन्सिलीने त्या जीपभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, "टपावरचं सामान उतरवून मोजमाप द्यावे."

*

नियम बदलत नाही म्हटल्यावर सरांना वाटलं, निदान परिस्थिती तरी दाखवून द्यावी. मला म्हणाले, "ताई, गेटसमोर जाऊन बसा. आजूबाजूच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांकडे मोटारी किती आहेत, मोजा आणि लिहून आणा."

मी छत्री घेऊन गयाबाईंच्या शेडसमोर खुर्ची टाकली. सकाळी दहा ते दुपारी दोन. सायकली लिहून लिहून हात दुखला. स्कूटर, मोटारसायकली. एकेका मोटारसायकलवर तिघं, आणि मधल्याच्या मांडीवर मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या. एक पोरगा तर ट्रॅक्टर घेऊन आला, विद्यापीठाच्या शेतावरून थेट जेवायला. मोटार मात्र एकही नाही.

दीड वाजता एक पांढरी मोटार दिसली. शेडच्या मागे, लिंबाच्या सावलीत, अगदी कोपऱ्यात लावलेली. मी आनंदाने वहीत लिहिलं, "मोटार : एक." मालकाचं नाव लिहायचं म्हणून शेडमध्ये डोकावले. कोपऱ्यातल्या बाकावर एक गृहस्थ ज्वारीची भाकरी पिठल्यात कुस्करत होते. त्यांनी वर पाहिलं.

मंजुरीसाहेब!

मी वही मिटली. शेवटी तेच म्हणाले, "मॅडम, बसा. ठेचा चांगला आहे."

*

आमचे कॉन्ट्रॅक्टर रशीदभाई. त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीवर मशीन असतं. त्यांनी पुण्याहून एक सेल्समन बोलावला. एका मोटारीच्या डोक्यावर दुसरी मोटार उभी करायचं लोखंडी मचाण तो विकत होता. लॅपटॉपवर त्याने व्हिडिओ लावला. खाली लाल मोटार, बटण दाबलं की वर निळी.

काकांनी दोनदा व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "निळीवाल्याला गावाकडं जायचं हाय. लालवाला पाथरीला लग्नाला गेलाय. मग?"

सेल्समन म्हणाला, "सर, लालवाल्यांनी चावी ठेवून जायची."

"म्हंजी शेजाऱ्याच्या चावीनं गावाकडं जायचं!"

रशीदभाईंनी सेल्समनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाई, तुमचं मशीन लय मजबूत हाय. पण आमच्याकडं दोन सख्खे भाऊ एका दाराची चावी एकमेकाला देत न्हाईत."

त्याला स्टेशनवर सोडायला तेच गेले. येताना म्हणाले, "ताई, बिचाऱ्याला गयाबाईंकडं जेवू घालून सोडला. म्हणत होता, मशीन नको तर नको, पण ही बाई पुण्याला येईल का विचारा."

*

यानंतरचा किस्सा हसायचा नाही, पण तो टाळून पुढे जाणं मला जमत नाही.

सगळे उपाय थकल्यावर सर म्हणाले, "ताई, खोली काढून टाका." कॉम्प्युटरवर एक खोली पुसायला दोन सेकंद लागतात. मी पुसली आणि तिच्या जागी तीन मोटारी काढल्या. काकांना ते गयाबाईंना सांगवेना. तीन दिवस ते मेसच्या रस्त्यानं गेलेच नाहीत, मागून शेतातून फिरून यायचे. शेवटी मीच गेले सांगायला.

गयाबाई डाळ निवडत होत्या. मी नियम सांगितला, मोटारींचा आकडा सांगितला, फार काही समजावून सांगत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "परीक्षा झाल्यावर हलले तर चालंल का? आत्ताच गेले तर लेकरांचे हाल व्हतील."

माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हो म्हणाले आणि निघाले. स्वतःच्या हातांची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

*

रशीदभाईंची एक पद्धत आहे. काम सुरू करण्याआधी ते नकाशा जमिनीवर खऱ्या मापाने चुन्याच्या फक्कीने आखून घेतात. पांढऱ्या रेघांत उभं राहिलं की मालकाला कळतं, काय कुठे येणार. त्याप्रमाणे त्यांच्या माणसांनी सकाळी प्लॉटवर चौदा मोटारींचे चौदा चौकोन आखले. संध्याकाळी माप तपासायला मी आणि सर गेलो.

पाहतो तर पार्किंग फुल्ल!

मेसमधल्या एका पोराची कृषी अधिकारी म्हणून निवड झाली होती. त्याने सगळ्यांना जेवण दिलं होतं. शेडमध्ये माणसं मावेनात, म्हणून गयाबाईंनी पंगत बाहेर बसवली होती. नेमकी आमच्या चौकोनांत, रेघ न मोडता. प्रत्येक चौकोनात समोरासमोर दोन रांगा, मधून वाढायला वाट.

सर म्हणाले, "अहो बाई, हे काय?"

गयाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "गावाकडं मोठ्या जेवणाला फक्की मारत्यात की, पंगत सरळ बसावी म्हणून. मला वाटलं, रशीदभाईनं ह्याच्यासाठीच आखून दिलंय. लय बराबर मापात आखलंय!"

सर एका चौकोनापाशी गेले. ताटं मोजली. दुसऱ्या चौकोनापाशी गेले, तीही मोजली. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "ताई, लिहून घ्या. एका मोटारीत बारा ताटं बसतात."

आणि बाराव्याला सरकायला सांगून स्वतःच तेरावे म्हणून पानावर बसले.

*

त्या पंगतीने सरांची झोप उडवली. दुसऱ्या दिवशी नियमांचं पुस्तक काढून त्यांनी आणि मी पहिल्यापासून वाचलं. आणि सापडलं! बिल्डिंग फ्लॅट म्हणून दाखवली तर मोटारी चौदा. तीच बिल्डिंग हॉस्टेल म्हणून दाखवली तर मोटारींचा आकडा खाली येतो, सायकली-स्कूटरचा वर जातो. शिवाय हॉस्टेल म्हटलं की जेवणाची जागा दाखवावीच लागते. इतके दिवस जी खोली आम्ही पुसत होतो, ती आता नियमच मागत होता!

मी उड्या मारायचीच बाकी होते. पण काका अडून बसले.

"हॉस्टेल? न्हाई, न्हाई! पावण्यारावळ्यांत मी अपार्टमेंट म्हणून सांगून बसलोय. नऊ मजल्याचं अपार्टमेंट! हॉस्टेल म्हणलं की लोक म्हणणार, शेषराव पोरं सांभाळायलाय."

सर समजावून थकले. मी तर भांडलेच. काका ढिम्म.

तेवढ्यात ॲडमिशनचे दिवस आले. काका प्लॉटवर टेबल टाकून बसले. वर मंडप, मागे बिल्डिंगचं रंगीत चित्र. म्हणाले, आत्तापासून बुकिंग घेतो. पहिले आले ते वालूरचे एक गृहस्थ, सोबत मुलगा. काकांनी लिफ्ट सांगितली, नऊ मजले सांगितले, गच्चीवरचा देखावा सांगितला. पार्किंग तर दोनदा सांगितली.

त्या गृहस्थांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "समदं झ्याक हाय. पण लेकरू जेवंल कुठं?"

काकांनी शेडकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "ते दिसायलंय. पण ते ऱ्हाणार हाय का?"

दुसरे आले, त्यांनीही तेच विचारलं. एक आई आली, तिने लिफ्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ गयाबाईंकडे गेली आणि पातेल्याचं झाकण उचलून आत डोकावली. दिवसभरात पार्किंगबद्दल एकानेच विचारलं, आणि त्याला चिखलातून आणलेली सायकल धुवायला जागा हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं ऑफिस उघडायच्या आधीच काका पायरीवर बसलेले. मला पाहून उठले.

"ताई," ते म्हणाले, "ते नियमाचं पुस्तक काय म्हणतंय तसं करा. हॉस्टेल तर हॉस्टेल. मी सांभाळतो पोरं."

*

नवा नकाशा मी जीव ओतून काढला. जेवणाच्या हॉलमध्ये एकेक ताट काढलं, मोटारी काढायचे तसं, वरून दिसतं तसं. छत्तीस ताटं! हात धुवायला सहा बेसिन. पाण्याचा कूलर. चपला काढायला वेगळी जागा, रेघा मारून. सरांनी दोनदा तपासला. रशीदभाईंनी तपासला. मंजुरीसाहेबांनी चांगले पंधरा दिवस ठेवून घेतला आणि निरोप पाठवला, "सोमवारी या, शिक्का मारून देतो."

काका म्हणाले, "गयाबाईंना बी नेऊ. तिची जागा हाय, तिनं बघाय नको का?"

सोमवारी आम्ही सगळे साहेबांच्या टेबलापुढे. गयाबाई इस्त्रीची साडी नेसून, पिशवी पोटाशी धरून उभ्या. साहेबांनी नकाशा पसरला. जिने बघितले, बरोबर. लिफ्ट, बरोबर. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता, बरोबर. पार्किंग एकेक चौकोन मोजली, बरोबर! शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला.

गयाबाई टेबलावर वाकल्या. "ताई, हे गोल गोल काय हाय?"

"ताटं," मी म्हटलं.

"अगं बया! अन् हे?"

"बेसिन. हात धुवायला."

"अन् हितं?"

"चपला."

त्यांनी बोटाने सगळा हॉल फिरून पाहिला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग परत एकदा. मला वाटलं, त्यांना भरून आलंय. मलाच आलं होतं.

"लय झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पण ताई, चूल कुठं हाय?"

साहेबांचा शिक्का हातातच राहिला. सरांनी नकाशाकडे पाहिलं, मी सरांकडे पाहिलं, रशीदभाईंनी छताकडे पाहिलं. तीन महिने मोटारी मोजत होतो आम्ही. छत्तीस ताटं काढली होती, आणि स्वयंपाकघर कुणीच काढलं नव्हतं!

काका म्हणाले, "आता भाकरी काय लिफ्टमधून येणार व्हती?"

गयाबाईंनी साहेबांपुढची लाल पेन्सिल उचलली. नकाशाच्या कोपऱ्यातली चार ताटं खोडली आणि तिथे एक चौकोन काढला. "हितं चूल. हितं पिठाचे डबे. खिडकी ह्या अंगाला, म्हंजी धूर लेकरांच्या ताटात येत न्हाई. अन् वाढायची वाट अशी मधून, दोन पोरं समोरासमोर आली तर धक्का लागत न्हाई."

साहेबांनी खणातून पट्टी काढली. चौकोन मोजला. खिडकी मोजली. वाट मोजली. मग शिक्का बाजूला ठेवून नकाशाची गुंडाळी केली आणि सरांच्या हातात दिली.

"एवढं पक्कं करून उद्या आणा, उद्याच शिक्का मारतो," ते म्हणाले. "आणि बोराडे, खाली आर्किटेक्टची सही असते ना, तिथे या वेळी यांचीही घ्या."