हलणारा कठडा आणि हिरवी खूण

आमच्या दवाखान्याच्या जिन्याचा कठडा वळणावर हलतो. बीपीच्या गोळ्या घ्यायला दर महिन्याला जातो, म्हणून मला ठाऊक.

मागच्या महिन्यात इमारतीच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी तो हलवून पाहिला, टॅबवर फुली मारली, फोटो काढला. टॅब टिंग वाजला. "आता चिंता नाही काका," ते म्हणाले, "फुली मारली की दुरुस्तीचं काम आपोआप तयार होतं." काय तो चेहऱ्यावरचा आनंद! जसा काही कठडा स्वतःच्या हातांनी बसवला होता. हल्ली दोष नीटनेटका नोंदवला की तो गेला, असंच धरून चालतात ही माणसं.

काम तयार झालं; करायला कोणी फिरकलं नाही. शेवटी झाडू मारणाऱ्या मावशींनी कठडा सुतळीने बांधला. त्यांना कुठल्या टॅबने सांगितलं नव्हतं. गुडघ्यावर हात ठेवून चढणाऱ्या म्हाताऱ्या त्यांना रोज दिसतात, एवढंच.

आज साहेब पुन्हा आले. ते काम टॅबवर अजून लाल दिसत होतं, आणि साहेबांना ते लाल बोचत होतं. कठड्याचं त्यांना काही नव्हतं. हिरवी खूण यायला दुरुस्तीनंतरचा फोटो लागतो. त्यांनी सुतळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, जरा इथे पुढे उभे राहा. फक्त टेकू नका."

मनातल्या मनात मी त्यांना शेलक्या शिव्या हासडल्या. मग केसांवरून हात फिरवला आणि उभा राहिलो, अजिबात न टेकता.